नईमभाईंचा तिसरा रकाना

शनिवार, पंधरा नोव्हेंबर. ऑफिस नव्या जागेत न्यायचं होतं आणि लोखंडी कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं होतं. वायरी एका खोक्यात, जुने बोर्ड दुसऱ्यात, रद्दी दारापाशी. खालच्या कप्प्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेलं भारनियमनाचं वेळापत्रक निघालं. वार आणि वेळा माझ्या अक्षरात, प्रत्येक वेळेपुढे पेन्सिलीच्या बारीक खुणा. त्या नईमभाईंच्या. पुठ्ठा रद्दीवर टाकणार तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून शबाना होती, नईमभाईंची मुलगी. आब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन सकाळी झालं, पट्टी उद्या नऊला उघडणार, असं तिने सांगितलं. मी कसं झालं म्हणून विचारलं.

"चांगलं झालं म्हणतात ताई. पण आब्बा कोणाले तसं म्हणू देऊन नाई राह्यले."

नईमभाईंना कामाचा डोळा एकच. डावा लहानपणीच गेलेला. उजव्यातला मोतीबिंदू त्यांनी इतकी वर्षं अंगावर काढला की खात्री देणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे उद्या नऊला एक तर दिसणार होतं, नाहीतर पुढे कधीच नाही. मी पुठ्ठा पिशवीत घातला, कपाट अर्धं तसंच सोडलं आणि दुपारची एसटी पकडली. अकोल्याला माझी मामेबहीण राहते, रात्रीची सोय होती.

नईमभाई आमच्या ऑफिसात आले तेव्हा पंचेचाळिशीचे होते. अमरावतीत, एका फर्निचरच्या दुकानावरच्या मजल्यावर आम्ही नऊ जण काम करायचो. मालक बोंडे सर. मूळ दर्यापूरकडचे, पुण्यात दहा वर्षं नोकरी करून परत आलेले. पुण्याच्या एका कंपनीचं काम त्यांनी सोबत आणलं होतं. ती कंपनी डिबगर बनवायची. डिबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधली चूक शोधायला वापरतात तो प्रोग्राम. तो चालतं काम मध्येच थांबवतो आणि आत काय चाललंय ते दाखवतो. आता हा डिबगरच नीट आहे की नाही हे कोणीतरी तपासायला हवं. ते आमचं काम. टेबलावर छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड मांडलेले असत. आमची स्क्रिप्ट, म्हणजे आम्ही लिहिलेला छोटा प्रोग्राम, डिबगरला बोर्डाशी जोडायची, त्याला सहाशेवर प्रश्न विचारायची आणि प्रत्येक उत्तरापुढे पास किंवा फेल लिहायची. दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी.

नईमभाईंना घेतलं होतं ते बोर्डांच्या डागडुजीसाठी. अचलपूरला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद पडल्यावर परतवाड्याच्या क्लासात कॉलेजच्या पोरांमध्ये बसून ते कॉम्प्युटर शिकले. क्लासमधली पोरं त्यांना चाचा म्हणायची आणि परीक्षेत त्यांच्या मागे बसायची. आमच्याकडे वर्षभरात ते डागडुजी सोडून तपासणीच्या कामावर आले. कोणी नेमलं नाही. ते आपले हळूहळू सरकत आले.

कागद वाचायचा तर ते डोळ्यापासून दोन बोटांवर धरत. पडद्यावरचं वाचणं त्यांना जड जायचं, म्हणून सगळं छापून घ्यायचे. बोंडे सर कागदाच्या रिमांवरून कुरकुरायचे. नईमभाई खुर्चीत मागे रेलून तो कागद असा डावीकडून उजवीकडे नाकासमोरून न्यायचे, की लांबून बघणाऱ्याला वाटावं हा माणूस कागदाचा वास घेतोय. डबा रोजचा ठरलेला, ज्वारीची भाकरी आणि काहीतरी कोरडं. खाऊन झालं की डब्याचं झाकण दोनदा दाबून बघायचे. एकदा दाबल्यावर लागलेलं झाकण दुसऱ्यांदा का दाबायचं, असं मी विचारलं होतं. पहिल्यांदा लावतो, दुसऱ्यांदा पाहतो, म्हणाले.

त्यांची खरी खोड वेगळी. जेवढं माहीत आहे त्याच्या पुढे ते एक शब्द जात नसत. पुण्याला फोन लावला आणि कोणी उचलला नाही, तर बोंडे सर म्हणायचे, साहेब जागेवर नाहीत. नईमभाई तिथून म्हणणार, "उचलला नाई सर. जागेवर नाई हे तुमाले कोणी सांगतलं?" घरी गॅस आला का म्हणून त्यांनी बायकोला विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर लगेच पुढचा प्रश्न: आला नाही, की तू पाहिलं नाही? भाभी एकदा ऑफिसात डबा द्यायला आल्या होत्या तेव्हा मला म्हणाल्या, या माणसाशी संसार म्हणजे रोज कोर्टात उभं राहणं. नईमभाई शेजारीच बसले होते. "रोज नाई," ते म्हणाले. "जुम्म्याले सुट्टी असते."

ही खोड मला पहिलं वर्षभर नुसती डोक्याला ताप वाटली. मी कामाची बाई. माझे मिस्टर ज्या जिनिंगमध्ये होते ती त्याच सुमाराला बंद झाली होती. कापसाची ती वर्षं आमच्या भागात कशी गेली ते मी वेगळं सांगायला नको, पेपरात रोज यायचं. घर माझ्या पगारावर होतं. झटपट काम उरकून सहाच्या आत घरी पोचायचं, एवढंच माझं धोरण.

एकदा जेवताना त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे येण्याआधी काही महिने ते सर्वेक्षणाच्या कामावर होते. त्या वर्षांत गावोगाव पाहणीवाले फिरत. त्यांना दर्यापूर तालुका मिळाला होता. घरोघर जायचं, घरात काही अडचण आहे का विचारायचं आणि फॉर्मवर दोनपैकी एका रकान्यात खूण करायची: अडचण आहे, अडचण नाही. एका गावात गल्लीतली चार घरं बंद होती. सोबतच्या माणसाने चारही घरांना 'अडचण नाही'ची खूण केली. दिवसाचे फॉर्म भरून द्यायचे होते, जीप खोळंबली होती आणि फॉर्मवर दोनच रकाने होते. नईमभाई दुसऱ्या दिवशी परत गेले. घरं बंदच. तिसऱ्या दिवशीही बंद. शेजारच्या बाईंनी सांगितलं, ते सगळे कामाच्या शोधात सुरतेकडे गेले, म्हाताऱ्यांनासुद्धा घेऊन.

नईमभाईंनी काय करावं? पट्टी घेऊन उरलेल्या प्रत्येक फॉर्मवर हाताने तिसरा रकाना आखला. वर लिहिलं, घर बंद. वरच्या साहेबांनी गठ्ठा परत फेकला. छापील फॉर्मवर रेघा मारायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, म्हणून सगळ्यांसमोर बोलले. पुढच्या महिन्यात त्यांना बोलावणं आलं नाही.

मी म्हटलं, मग काय मिळवलंत?

"काई नाई," ते म्हणाले. "पण ताई, कुलूप लागलेल्या घराले कोणी काई विचारलंच नाई. मंग ते ठीक आहे हे कोणाच्या तोंडचं लिहिलं आमी?"

मी मान हलवली आणि डबा धुवायला उठले. मला घाई होती. ती गोष्ट माझ्याबद्दल आहे हे तेव्हा ना त्यांना माहीत होतं ना मला.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी एक काम केलं होतं. आमची स्क्रिप्ट नाजूक होती. मध्ये बोर्डाने उत्तर दिलं नाही की स्क्रिप्टलाच एरर यायची आणि ती तिथेच आडवी व्हायची. पुढचे तीनशे-चारशे प्रश्न विचारलेच जायचे नाहीत. मग कोणीतरी उठून ती पुन्हा सुरू करायची. वैताग होता. मी प्रश्नांच्या प्रत्येक फाइलभोवती एक ओळ घातली: एरर आली तर गिळ आणि पुढच्या फाइलला लाग. स्क्रिप्ट थांबायची बंद झाली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, बोंडे सरांनी कचोरी मागवली. पुण्याच्या साहेबांना एका पानाचा अहवाल हवा असायचा, म्हणून त्यावर मी फक्त फेल किती ते छापत होते. दुपारच्या अहवालात बहुतेक दिवशी लिहिलेलं असायचं: फेल शून्य.

नईमभाई तपासणीवर आले तेव्हा त्यांनी तीन महिन्यांचे अहवाल छापून घेतले आणि आठवडाभर नाकासमोरून फिरवले. मग एका सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, एक विचारू? हा डिबगर सकाळी चुका करते. दुपारी नाई करत. दुपारी तो हुशार काहून होऊन राह्यला?"

मी हसले. अमरावतीचा मे महिना. दुपारी एकनंतर माणसाचं डोकं चालत नाही, डिबगरचं चालत असेल, म्हटलं. ते हसले नाहीत. फेल शून्य आहे ते पाहिलं, म्हणाले, पण पास किती? मी आतला मोठा लॉग, म्हणजे स्क्रिप्टने ठेवलेली सगळी नोंद, उघडली. सकाळी पास सहाशेच्या घरात. दुपारी दोनशे बारा. उरलेले ना पास, ना फेल. ते विचारलेच गेले नव्हते.

नईमभाईंनी भिंतीवरचा पुठ्ठा काढून आणला, तोच तो भारनियमनाचा. एकेका तारखेचा अहवाल आणि त्या वाराची वेळ ते जुळवत गेले आणि पेन्सिलीने खुणा करत गेले. लाइन, म्हणजे वीज, गेली की लगेच पासची संख्या थांबायची. लाइन गेली तरी कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहायचे, स्क्रिप्ट चालू राहायची. बोर्ड मात्र मेलेले. कारण उन्हाळा लागला तेव्हा बोर्डांची पिन इन्व्हर्टरच्या पॉइंटमधून काढून आम्ही तिथे टेबलफॅन लावला होता. आम्ही म्हणजे सगळ्यांनी मिळून, एकमताने. त्रेचाळीस डिग्रीत ते आम्हाला अगदी रास्त वाटलं होतं. स्क्रिप्ट मेलेल्या बोर्डाला प्रश्न विचारायची, एरर यायची, माझी ती ओळ एरर गिळायची, आणि शेवटी मी पानभर कोऱ्या जागेत छापायची: फेल शून्य.

तीन महिन्यांच्या दुपारी. पुण्याच्या साहेबांनी या अहवालांवर विसंबून डिबगर बाजारात पाठवला होता. सोमवारी ते स्वतः येणार होते, पुढच्या वर्षीचं काम द्यायचं की नाही ते ठरवायला. नऊ घरांचं पोट त्यावर होतं, आणि चूक माझी.

बोंडे सरांचं म्हणणं पडलं की आता दुरुस्त करू आणि पुढे नीट चालवू, मागचं उकरायला नको. मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू, मनातून मी देवाचे आभार मानत होते. नईमभाई म्हणाले, आधी दुरुस्त करू, सांगायचं काय ते मग बघू.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार आम्ही दोघं एका टेबलावर बसलो. मी टाइप करायची, ते छापलेला कागद डोळ्याशी धरून ओळ ओळ वाचायचे. माझी ती गिळणारी ओळ काढली नाही. एरर पकडायची हे बरोबरच होतं, म्हणाले, पकडून खिशात घालायची नाही. आता एरर पकडली की स्क्रिप्टने तीन गोष्टी लिहायच्या: कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर, कशामुळे. त्या प्रश्नापुढे पास नाही, फेलही नाही. तिसरा रकाना, 'तपासता आलं नाही'. मग बोर्ड पुन्हा जोडून बघायचा. तीनदा नाही जोडला गेला तर तिथेच थांबायचं आणि उरलेले सगळे प्रश्न तिसऱ्या रकान्यात टाकायचे. शेवटी तिन्ही रकान्यांची बेरीज ठरवलेल्या प्रश्नांएवढी यायलाच हवी. नाही आली तर अहवाल निघायचाच नाही.

शुक्रवारी नवीच गंमत झाली. एरर आली की तिचं कारण लिहावं म्हणून मी स्क्रिप्टला बोर्डाचा नंबर विचारायला लावला होता. बोर्ड मेलेला, तो नंबर कुठून देणार? तिथे दुसरी एरर आली आणि पहिली तिच्याखाली गाडली गेली. नईमभाईंनी कागद खाली ठेवला. "बेहोश माणसाले त्याचंच नाव विचारून राह्यलो आपण," ते म्हणाले. "आधी विचारून ठेवा. पडल्यावर कामी येते." नंबर सुरुवातीलाच विचारून ठेवायचं ठरलं. शनिवारी दुपारी लाइन जायची वाट बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. बरोबर वेळेवर गेली. अहवाल आला: तपासता आलं नाही, तीनशे नव्वद. कारण, बोर्डाशी संपर्क तुटला. बेरीज जुळली.

सोमवारी पुण्याचे साहेब आले. उंच, मोजकं बोलणारे. बोंडे सर त्यांना नव्या बोर्डांची रांग दाखवत होते. नईमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, एवढंच. ती गिळणारी ओळ तुमची आहे, सांगायचं की नाही तुम्ही ठरवा, असं ते मला शनिवारी म्हणाले होते आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नव्हते. मी सांगितलं. टेबलफॅनसकट. साहेबांनी शनिवारचा अहवाल मागितला आणि तिसरा रकाना वाचायला लागले. एका नोंदीवर थांबले. बोर्डाची वीज गेल्यावर डिबगरने एररसुद्धा दिली नव्हती, तो नुसता अडकून बसला होता. स्क्रिप्टने कंटाळून त्याला बंद केलं आणि तसं लिहिलं.

एका ग्राहकाची हीच तक्रार त्यांच्याकडे दोन महिने पडून होती. पुण्यात ती त्यांना कधी दिसलीच नव्हती. त्यांच्या ऑफिसात लाइन जात नव्हती.

आमचं काम गेलं नाही. मागच्या सगळ्या दुपारी पुन्हा तपासून द्याव्या लागल्या आणि टेबलफॅन भिंतीच्या पॉइंटवर गेला. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आडवी झाले ती पोरीने जेवायला उठवलं तेव्हाच उठले. इतका हलका जीव मला नंतर फार वेळा आठवत नाही. नईमभाईंनी त्या सगळ्याबद्दल नंतर एकच गोष्ट मागितली. अहवालावर तिसरा रकाना शून्य असला तरी छापायचा. शून्य दिसलं पाहिजे, म्हणाले.

अकोल्याला पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर नईमभाई उशीला टेकून बसले होते. दाढी पांढरी झालेली, डोळ्यावर जाड पट्टी. भाभी पलंगाच्या पायथ्याशी. आत गेले तशी माझी चप्पल ऐकून म्हणाले, "ताई आल्या. घाईतच आल्या."

भाभींचे भाऊ, शेजारी, शबानाच्या शाळेतल्या दोन शिक्षिका, सगळे भोवती उभे होते आणि प्रत्येक जण म्हणत होता, दिसेल हो, का नाही दिसणार. नईमभाई ऐकून घेत होते आणि दर वेळी तेच उत्तर देत होते: "अजून पाह्यलं नाई." नर्सबाई तक्ता भरायला आल्या. त्या लिहीत असताना नईमभाईंनी शबानाला वाचून दाखवायला लावलं. नजर, असा रकाना होता, त्यापुढे बाईंनी लिहिलं होतं, नाही.

"बाई, ते खोडा."

"काका, पट्टी आहे. दिसणार कसं?"

"तेच म्हणतो ना मी. पट्टीले विचारून माझ्या डोळ्याचं काहून लिहिता? लिहा, तपासली नाई."

बाईंनी शबानाकडे पाहिलं. शबानाने हात जोडले. बाईंनी खोडून तसं लिहिलं. तेव्हा मला कळलं की हा माणूस घाबरलेला आहे. आवाज साधाच होता, पण चादरीची किनार त्यांनी मुठीत धरली होती आणि मी निघेपर्यंत ती सोडली नाही. मी धीराचं काही बोलले नाही. उद्या नऊला येते म्हटलं. ते म्हणाले, पावणेनऊला या.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला गेले. डॉक्टर सव्वानऊला आले. खिडकीचा पडदा ओढला, पट्टी सोडली, कापूस काढला, डोळा पुसला. नईमभाईंनी तो लगेच उघडला नाही. भाभींनी तोंडाला पदर लावला होता. मग त्यांनी डोळा उघडला, आणि डॉक्टरांनी बोटं धरून विचारलं, किती?

"तीन."

भाभी रडायला लागल्या. शबाना हसत होती आणि रडतही होती. डॉक्टर म्हणाले, छान. नईमभाई एकटेच समाधानी नव्हते. तीन बोटं तर सगळेच दाखवतात, म्हणाले, माणूस अंदाजानेही सांगेल, दुसरं काहीतरी दाखवा.

मी पिशवीतून पुठ्ठा काढून त्यांच्यासमोर धरला. सवयीने मान पुढे आली, नाक पुठ्ठ्याला लागेपर्यंत. मग ते थांबले. मान हळूहळू मागे घेतली, उशीला टेकेपर्यंत, आणि मला हाताने खूण केली, अजून लांब. मी एक पाऊल मागे गेले. आणखी एक.

"मंगळवार," त्यांनी वाचलं. "दुपारी बारा ते साडेतीन." मग म्हणाले, "शुक्रवारच्या पुढं माझी एक खूण कमी आहे. त्या दिवशी ऑफिसाले सुट्टी होती."

मी पुठ्ठा उलटा केला, पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: तपासलं, दिसतं. पुन्हा तेवढ्याच लांबून धरला. त्यांनी वाचला.

"तारीख?" ते म्हणाले.

तारीख घातली, पुठ्ठा भाभींच्या हातात दिला आणि साडेदहाच्या एसटीने अमरावतीला परत आले. कपाट अर्धं राहिलं होतं.